घोड्याचे मागचे पाय

एदो, आठवा महिना, पाच तारीख

ताई,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याचं लिहायचं असतं म्हणे. इथे उकडतंय. झालं लिहून.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे एतानबुवांच्या हातचं तुझं पत्र. मठातल्या माणसाला सवड असते, चार ओळींचं काम चार पानांत करतात. त्यातून मला कळलं ते असं. दाजी म्हणतात, तोमेकिची नट व्हायला म्हणून एदोला पळाला त्याला बरीच वर्षं झाली. आता अकराव्या महिन्यात नाटकांचं नवं वर्ष सुरू होईल. त्या पहिल्या नाटकात तरी त्याचा चेहरा चित्रात छापून आला तर ठीक. नाहीतर खेळ संपले की त्याने गाशा गुंडाळून एचिझेनला यायचं आणि बापाच्या जागी कागद बनवायच्या हौदावर उभं राहायचं. आणि तू मला विचारतेस, शिगे, तुझा नवरा तर नटांचीच चित्रं छापतो, पोराचं खरं काय ते तूच कळव.

खरं कळवते. तुझा मुलगा घोड्याचे मागचे पाय आहे.

बुवांना नीट वाचायला सांग, चुकून लिहिलेलं नाही. काबुकी नाटकात घोडा लागला की वेताचा सांगाडा करतात, वरून मखमल, आत दोन माणसं. पुढच्याला निदान घोड्याच्या गळ्यातल्या फटीतून बाहेरचं दिसतं. मागच्याने पुढच्याच्या कमरेला धरायचं, पाठ वाकवायची, आणि वर चिलखत घालून बसलेल्या नायकाचं ओझं घेऊन अंधारात चालायचं. तुझा तोमेकिची लागोपाठ तीन नाटकं हेच करतोय. परवा माझ्याकडे जेवायला आला तर भाताआधी तेल मागितलं, पाठीला चोळायला.

चित्रं कोणाची निघतात? किरिशिमा हान्शिरोची निघतात. तोच तो घोड्यावर बसणारा. आमच्या घरात दोरीवर त्याचं तोंड इतक्या वेळा वाळत घातलंय की नवऱ्याच्या नाकापेक्षा मला त्याच्या नाकाची जास्त ओळख आहे. लोक वाटीभर शेवयांच्या किमतीत ते चित्र घेतात आणि भिंतीला चिकटवतात. घोड्याची मागची बाजू भिंतीला कोण चिकटवणार?

पोरगा मात्र खुशीत आहे. मी म्हटलं, गाढवा, नटाचं तोंड दिसायला हवं ना. तर म्हणतो, मावशी, बाहेर हजार माणसं एकदम श्वास धरतात ना, ते आत कापडातून कळतं. मी आणखी भात वाढला.

हे दाजींना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

शिगे


एचिझेन, नववा महिना, दोन तारीख

प्रिय शिगे, तुला आणि कान्जींना ताईचे आशीर्वाद.

डोंगरावर पानं लाल व्हायला लागली आहेत. पर्सिमनची फळं सोलून ओसरीला टांगली आहेत, वाळली की पाठवीन.

तू ठरव म्हणालीस, पण मला ठरवायला सवडच मिळाली नाही. एतानबुवांना मोठ्याने वाचायची सवय, आणि हे शेजारीच बसले होते. 'घोड्याचे' इथवर आलं तेव्हा ह्यांनी मान वर केली. पुढचे दोन शब्द ऐकून उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने परत येऊन म्हणाले, "निदान पुढचे तरी."

मग म्हणाले, मी बोललो ते बोललो. अकराव्या महिन्याच्या चित्रात पोराचं तोंड दिसलं तर मी स्वतः ते गावभर दाखवत फिरेन. नाही दिसलं तर त्याने यायचं, हौद रिकामा ठेवता येत नाही. तू त्यांच्यावर रागावू नकोस. तुला ते कडक वाटतात, तसे ते नाहीत.

आमचं सगळं ठीक आहे. ह्यांचंही ठीक आहे. कागदाचं काम चालू आहे, या महिन्याचा गठ्ठा तुमच्याकडे निघाला. तोमेकिचीला विचार, उशाला काय घेतो. लहानपणी त्याची मान आखडायची.

ताई

ता. क. लिहिणाऱ्या एतानचे दोन शब्द. बाईच्या भूमिका करणाऱ्या एखाद्या नटाचे, चुकून जास्तीचे छापले गेलेले चित्र असल्यास धाडावे. वस्त्रांवरील फुलांचा अभ्यास करण्याचा विचार आहे.


एदो, नववा महिना, सव्वीस तारीख

ताई,

आधी एतानबुवांचं. चित्र सोबत आहे. फुलं बाहीवर आहेत, तोंडावर नाहीत. अभ्यास करताना नजर खाली ठेवा.

आता आपलं. आमच्या घरच्यांनी एक युक्ती काढली. हा माणूस दिवसभर कागदावर छपाईची गोल गादी घासतो आणि तोंड उघडत नाही, पण उघडलं की काहीतरी निघतं. म्हणाला, गोहेईकडून तोमेकिचीच्या तोंडाचा एक लाकडी ठसा कोरून घेऊ, मी एकच चित्र छापतो, एचिझेनला पाठवून दे. तिथे कोणाला कळणार? गोहेई म्हणजे चेहरे कोरणारा, त्याच्या हातचे केस मोजून घ्यावेत असे असतात. मला पटलं. मी चुलीवरचा भात तसाच टाकून गोहेईकडे निघाले होते.

दारातच तोमेकिची भेटला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, नको."

मी म्हटलं, तुझ्या आईबापाचं समाधान होईल, तुझं इथे राहणं होईल, आणि गोहेईचा उपकार माझ्या डोक्यावर. तुझं काय जातं?

म्हणाला, "ज्याला मी कोण ते ठाऊक नाही, त्याने वाटीभर शेवया न खाता माझं तोंड विकत घ्यायला हवं. मावशीने दिलेलं तोंड घेऊन मी काय करू?"

शहाणा. भात करपला तो वेगळाच.

तुला या धंद्यातली एक गोष्ट सांगते. तुला वाटत असेल, चित्रकार नाटक बघतो आणि मग चित्र काढतो. तसं केलं तर धंदा बुडेल. पडदा उघडायच्या दिवशी सकाळी चित्रं दुकानात टांगलेली हवीत, लोकांना धीर नसतो. म्हणून तो आधीच अंदाजाने काढतो. मग नाटकात कधी तलवारीच्या जागी भाला निघतो, कधी निळ्याच्या जागी तांबडं चिलखत. कोणी काही म्हणत नाही. गेल्या खेपेला एक नट ऐनवेळी रुसून ओसाकाला निघून गेला. तेव्हा ठशातलं त्याचं डोकं कापून काढलं, त्या भोकात नव्या लाकडाचं ठिगळ ठोकलं आणि त्यावर दुसऱ्या नटाचं डोकं कोरलं. धड पहिल्याचं, डोकं दुसऱ्याचं. हातोहात खपलं.

तर या वेळचंही चित्र तयार आहे. हान्शिरो पांढऱ्या घोड्यावर बसून डोळे वटारतोय. घोडा खराखुरा काढलाय, चार खूर आणि शेपटी. तुझा मुलगा त्यात कुठेच नाही. मी रांकेई चित्रकाराला विचारलं, आत माणसं असतात ती का नाही काढलीत? म्हणाला, "बाई, लोक घोडा विकत घेतात, हमाल नाही."

तोमेकिचीला बापाचा निरोप सांगितला. खेळ संपले की निघतो, म्हणाला. बाराव्या महिन्याच्या अखेरीस संपतील. वाद नाही, काही नाही. त्याने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणखी एक. नवा गठ्ठा आला. आमचे हे कागदाबद्दल वर्षातून एकदा बोलतात, ते परवा बोलले. म्हणाले, दाजींचा हात म्हातारपणी हलका झालाय. कागद रंग पिऊन घेतो आणि जागचा हलू देत नाही. दाजींना सांग, फुगू नका म्हणावं.

आणि आता तू बोल. बापाचं ऐकलं, पोराचं ऐकलं, बुवांच्या फुलांचंही ऐकलं. तुला काय हवंय? तो यायला हवा की राहायला हवा? 'आमचं ठीक आहे' असं लिहू नकोस, ते वाचून माझं डोकं दुखतं. उशाला तो लाकडाचा ठोकळा घेतो, जगातले सगळे नट तेच घेतात, केस बिघडू नयेत म्हणून.

शिगे


एचिझेन, दहावा महिना, एकोणीस तारीख

प्रिय शिगे,

पहिलं बर्फ वरच्या डोंगरावर पडलं. नदीचं पाणी आता कागदाला हवं तसं गार झालंय.

कान्जी काय म्हणाले ते ह्यांना सांगितलं. हे हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. का हसले ते लिहीत नाही.

मला काय हवं ते तू विचारलंस. ते दोघं बापलेक ठरवतील तसं. ठोकळ्यावर त्याला झोप लागते का?

ताई

ता. क. एतान लिहितो. तुमच्या ताई नामीबाई घरी गेल्या, हे त्यांना न विचारता लिहीत आहे. गेल्या वसंतापासून त्यांच्या यजमानांची, गेन्बेईंची, बोटं मिटतात ती उघडत नाहीत. औषध झालं, गरम पाण्याचे झरे झाले, उपयोग नाही. तेव्हापासून हौदावर नामीबाई उभ्या असतात. गेन्बेई शेजारी ओंडक्यावर बसून सांगतात, त्या जाळीची चौकट लगद्यात बुडवतात आणि उचलतात. गावाला हे ठाऊक नाही. गठ्ठ्यावर शिक्का गेन्बेईंचा असतो, आणि मोठा कागद उचलणं हे इथे पुरुषाचं काम समजलं जातं. मुलाला बोलावण्याचं कारण हेच. हात गेले, ये, असं म्हणायची लाज वाटली, म्हणून गेन्बेईंनी चेहऱ्याची अट काढली. नामीबाईंनी मला आज 'त्याला येऊ दे' असं लिहायला सांगितलं, मग खोडायला सांगितलं. मग 'त्याला राहू दे' असं सांगितलं आणि तेही खोडायला सांगितलं. पान फार काळं झालं म्हणून मी नवीन घेतलं. चित्र पोचले. फुले सुंदर आहेत.


एदो, अकरावा महिना, अठरा तारीख

ताई,

एतानबुवा, हे मोठ्याने वाचा. एक अक्षर गाळलंत तर पुढच्या वेळी फुलं विसरा.

बुवांनी मला सगळं लिहिलं, त्यांच्यावर चिडू नकोस. चिडायचं तर मी तुझ्यावर चिडलेय. वसंतापासून हौदावर उभी आहेस आणि मला पर्सिमन कधी वाळतील ते लिहितेस? माझा नवरा तुझ्या कागदाचं कौतुक करतो, मी ते दाजींना कळवते, आणि तिकडे तुम्ही दोघं हसता. आणि दाजी, तुम्हीही ऐकताय ना. बोटं मिटली यात लाज कसली? पोराला सरळ 'ये' म्हणाला असतात तर तो पळत आला असता. त्याला तोंड छापून आणायला कशाला लावलंत?

हे सगळं तोमेकिचीला सांगितलं. जेवत होता, तो जेवायचा थांबला. मग म्हणाला, मग तर जायलाच हवं. त्याच दिवशी बोचकं बांधलं. माझ्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठाशेजारी ठेवलंय. रोज अडखळते.

आता नाटकाचं ऐक.

पहिल्या दिवशी मी गेले होते, मागच्या स्वस्त जागेवर. डबा नेला होता. घोडा प्रेक्षकांच्या मधून जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेवरून येतो, दोन्ही बाजूंना माणसं खचाखच, हात लांब केला तर शेपटी धरता येईल. हान्शिरो वर, पूर्ण चिलखतात, शिरस्त्राणाची शिंगं छताला लागतील असा. वाटेवर कोणीतरी फळाची साल टाकली होती. पुढच्या पायांचा मोहेई तिच्यावर घसरला आणि दोन्ही गुडघ्यांवर आपटला. घोड्याचं तोंड फळीला टेकलं. आता हान्शिरो शिंगांसकट खालच्या तांदळाच्या व्यापाऱ्याच्या मांडीत जाणार, हे सगळ्यांना दिसलं. व्यापाऱ्याने डोळे मिटले.

पण मागचे पाय हलले नाहीत.

पुढचा आधार गेला, सगळं ओझं मागे आलं, आणि तुझा मुलगा काहीच दिसत नसताना तसाच उभा राहिला. मखमल वर सरकली होती. मांडीपासून खाली माणसाचे पाय उघडे, टाचा रोवलेल्या, बोटं फळीला चिकटलेली. पोटऱ्या थरथरत होत्या, पण पाय जागच्या जागी. हान्शिरो कसलेला माणूस. उतरला नाही. घोड्याने जणू शत्रूला नमस्कारच घातलाय अशा थाटात त्याने तलवार उपसली, मान झटकली, डोळे तिरके केले आणि थिजून बसला. आणि बसूनच राहिला. खालच्याचा जीव जातोय याचं त्याला काय?

सगळं नाटकघर त्याच्या घराण्याचं नाव घेऊन ओरडलं. ते थांबलं तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "शाबास, मागचे पाय."

ओरडणारी मी होते. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि मग तीही ओरडली. मग सगळेच.

दुसऱ्या दिवसापासून लोक मासुगियाच्या दुकानात यायला लागले, म्हणजे आमच्या चित्रांच्या व्यापाऱ्याकडे. तो घोडा द्या म्हणायचे. मासुगिया खूरवाला घोडा दाखवायचा. लोक हसायचे, म्हणायचे, हा नव्हे हो, पाय असलेला. आणि निघून जायचे. छापलेली चित्रं पडून राहिली, मासुगिया तोंड पाडून बसला. मी कागद पोचवायला गेले होते, ते बघितलं आणि विचारलं, "नट पळाला की तुम्ही डोकं बदलता. मग पाय का बदलत नाही?"

म्हणाला, माणसाच्या पायांचा घोडा? माझी अब्रू जाईल.

मी म्हटलं, लोकांनी तोच बघितलाय आणि तोच मागतायत. तुम्ही कोणता विकताय?

त्याने रांकेईला बोलावलं. रांकेई म्हणाला, मी ते पाय बघितलेले नाहीत, अंदाजाने काढतो. मी म्हटलं, अंदाज एकदा झाला तुमचा, पुरे. तोमेकिचीला आमच्या स्वयंपाकघरात उभा केला, तांदळाच्या पेटीला धरून, वाकवून. रांकेई म्हणाला, ओझ्याशिवाय पोटरी तशी दिसणार नाही. म्हणून मी पाठीवर बसले. न हसता चित्र काढायचं असं रांकेईने ठरवलं होतं, ते त्याला जमलं नाही. तोमेकिची खालून म्हणाला, "मावशी, हान्शिरो हलका आहे."

मग गोहेईने ठशातले घोड्याचे मागचे पाय कापून काढले, चेरीच्या लाकडाचं ठिगळ बसवलं आणि त्यावर हे पाय कोरले. म्हणाला, आजवर चेहरेच कोरले, पायांच्या बोटांना एवढा जीव असतो हे ठाऊक नव्हतं. आमच्या ह्यांनी छापलं. पुढून घोडा, मागून माणूस. आता दुकानासमोर रांग असते.

नावासाठी मी भांडले. हान्शिरोचं नाव मोठं आहे, ठीक आहे, म्हटलं खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात याचंही घाला. मासुगिया म्हणाला, नायकाच्या नावाखाली पायांचं नाव लिहिलं तर नाटकवाले मला जिवंत ठेवणार नाहीत. तिथे मी हरले.

म्हणजे तोंड नाही आणि नावही नाही. अट तोंडाची होती, ते मी विसरलेले नाही. तोमेकिचीही विसरलेला नाही. तो म्हणतो, चित्रातले पाय चांगले झालेत, आता घेऊन घरी जातो. ठरल्याप्रमाणे निघेल. तरी चित्र त्याच्या आधी पाठवतेय. ज्यांनी ते घेतलं त्यांच्यातल्या एकालाही तो कोण ते ठाऊक नाही, एवढं दाजींना सांग. कागद तुझ्याच गठ्ठ्यातला आहे, उलटून बघ.

उत्तर लवकर पाठव. हवापाणी नको.

शिगे


एचिझेन, बारावा महिना, सहा तारीख

शिगे,

हवापाणी लिहीत नाही. निरोप्या दारात उभा आहे, त्याला गरम पेज दिली आहे, ती संपेपर्यंत जेवढं होईल तेवढं.

बुवांनी सगळं मोठ्याने वाचलं. ह्यांनी मान खाली घालून ऐकलं, तुझं बोलणंसुद्धा. मग चित्र मागितलं. बोटं उघडत नाहीत म्हणून मी ते त्यांच्या दोन्ही तळहातांवर ठेवलं. त्यांनी आधी पालथं करायला सांगितलं. मागे कान्जींच्या गादीच्या गोल गोल खुणा होत्या. गाल कागदाला लावला आणि म्हणाले, "हिचा कागद आहे." बुवांसमोर म्हणाले.

मग सरळ केलं आणि बघत बसले. मला धीर निघेना. मी म्हटलं, तोंड नाहीये त्यात.

म्हणाले, "तोंड तुझ्या बापासारखं आहे, ते मला ठाऊक आहे. हे पाय माझे आहेत."

खरंच आहेत, शिगे. उजवी टाच किंचित मागे, अंगठा आत वळलेला. हौदातून भरलेली चौकट उचलताना पाणी माणसाला आत ओढतं, तेव्हा असंच उभं राहावं लागतं. तोमेकिची लहान असताना ह्यांनी त्याला ते शिकवलं होतं, पायांवर काठी मारून. मला वाटलं होतं तो विसरला. ह्यांनाही तसंच वाटलं होतं.

काल सकाळी हौदाशी गेले तर समोरच्या खांबावर चित्र चिकटवलेलं. बुवांना बोलावून चिकटवून घेतलं होतं. मला म्हणाले, वर्षभर सांगून माझं तोंड दुखलं, तुझी टाच काही मागे जात नाही. आता हे समोर बघ आणि असे पाय ठेव.

मी तसे ठेवले. चौकट एका दमात वर आली.

मी विचारलं, अटीचं काय?

म्हणाले, "हौदावर माणूस आहे. दोन कशाला?"

दुपारी शेजारचे लोक चित्र बघायला आले. हे म्हणाले होते ना गावभर दाखवेन, ते बाहेर नेता येत नाही म्हणून गावच आत बोलावलं. मी हौदावर उभी होते. हे बघून एकदोघांनी एकमेकांकडे बघितलं. ह्यांनी सांगितलं, एदोला ज्या कागदावर हे छापलंय तो हिने काढलाय, नंतर काय ते बोला. मग सगळे चित्राकडे वळले. म्हातारी ओकुमे तेवढी म्हणाली, घोडा विचित्र आहे.

तू विचारलं होतंस, मला काय हवं. मला हौद हवा. चौकट वर येते आणि पाणी गळून जातं, तेव्हा तिच्यावर जे राहतं ना, ते मला रोज बघायचंय. आणि मुलगा जिथे हसतो तिथे राहायला हवा. बुवांनी दोन्ही वाक्यं लिहिली आहेत, मी खोडू दिलेली नाहीत.

त्याला सांग, निघू नकोस. उन्हाळ्यात नाटकघर बंद असतं तेव्हा चार दिवस ये. त्याचे बाबा म्हणतात, येताना त्या पुढच्या पायांनाही आण, त्याला चालायला शिकवायचंय.

पेज संपली.

ताई

ता. क. एतान लिहितो. मीही रांगेत उभा राहून पुन्हा बघितलं. माझं फुलांचं चित्र मी पोथ्यांच्या पेटीत ठेवलं आहे. पोथ्या हल्ली जास्त वेळा उघडल्या जातात.


एदो, बारावा महिना, बावीस तारीख

ताई,

पत्र वेळेवर आलं, उद्या शेवटचा खेळ. तोमेकिचीला वाचून दाखवलं. 'हे पाय माझे आहेत' इथे आल्यावर म्हणाला, मावशी, परत वाच. परत वाचलं. पुन्हा म्हणाला, तेव्हा पत्र त्याच्या हातात दिलं आणि मी भांडी घासायला गेले. मला असलं काही जमत नाही. परत आले तेव्हा बोचकं सुटलेलं होतं आणि त्याने आपले कपडे माझ्या कपाटात घुसवले होते. कपाट माझं आहे हे त्याला सांगितलं.

पुढचं ऐक. हान्शिरोने मालकांना सांगितलंय, घोड्यावर बसेन तर मागे हाच हवा. मोहेईला ते लागलं. आणि पहिल्या महिन्याच्या नाटकात दुसऱ्या अंकात एक नावाडी आहे, तो तोमेकिचीला दिलाय. तोंड उघडं. एक वाक्यही आहे. नायक नावेत चढतो तेव्हा म्हणायचं, "मालक, पाय जपून ठेवा."

सकाळपासून तेच चाललंय. कधी 'मालक' ताणतो, कधी 'जपून' हळू म्हणतो. मी ताट वाढलं तर ताटाला म्हणाला. आमचे हे वर्षातून एकदा बोलतात ते आज दुसऱ्यांदा बोलले, म्हणाले, याला बाहेर पाठव.

रांकेईने त्या नाटकाचं चित्र काढून ठेवलंय, नेहमीसारखं अंदाजाने. मी जाऊन बघून आले. हान्शिरो मधोमध, कोपऱ्यात नावाडी. गवताची टोपी एवढी मोठी काढलीय की खाली फक्त हनुवटी दिसते. मी वाकून तपासली. आपल्या बाबांची हनुवटी आहे.

दाजींना सांग, पोरगा खालून वर येतोय. पाय झाले, हनुवटी झाली. डोळ्यांपर्यंत यायला जरा वेळ लागेल.

पुढचा गठ्ठा जाड पाठव, आणि टाच मागे ठेव.

शिगे